व्हर्जिल स्टेलिकने विकलेला हिरवा ट्रक

व्हर्जिल स्टेलिक कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरला की आधी कुत्र्याचं नाव विचारायचा, आणि ते तो कधी विसरायचा नाही. दोन वर्षांनी त्याच वाटेनं जाताना फाटकातूनच विचारायचा, "काय रे बस्टर, पाय बरा झाला का?" घरातली बाई ते ऐकून कॉफी टाकायची. पहिल्या कपाला गाडीचा विषय नाही. दुसऱ्या कपाला मका, गारपीट, कुणाच्या मुलीचं लग्न. तिसऱ्या कपाला तो खिडकीतून बाहेर बघायचा आणि सहज आठवल्यासारखं म्हणायचा, "त्या झाडांमागे काहीतरी उभं दिसतंय. कधीपासून आहे हो?" काय उभं आहे, कुठल्या सालचं आहे, कुठलं चाक निखळलंय, हे सगळं त्याला आधीच माहीत असायचं. रस्त्यावरून दुर्बिणीनं बघूनच तो आत आलेला असायचा.

क्लॅरिन गावाबाहेर हायवेला लागून त्याचं आवार होतं. खडी टाकलेली जमीन, तारेचं कुंपण, एक लांब पत्र्याची शेड आणि चाळीस-पन्नास जुन्या गाड्या. फोर्ड, शेवर्ले, डॉज, पॅकार्ड, शेतावरचे पिकअप ट्रक. गिऱ्हाईक टेक्सासहून यायचं, मिनेसोटाहून यायचं, दोनदा तर स्वीडनहून आलं. मी त्याच्याकडे एकवीस वर्षं पत्र्याचं आणि रंगाचं काम केलं. माझं नाव रुडी.

व्हर्जिलनं इंजिनाबद्दल कधी कुणाला फसवलं नाही. गंज असला तर स्वतः वाकून दाखवायचा. त्याची हातोटी वेगळीच होती. तो गाडीची गोष्ट सांगायचा. ही कुणाची होती, तिच्यातून कोण लग्नाला गेलं, कोण लढाईवरून परतलं, कुठल्या पुरात ती छतापर्यंत बुडाली. गोष्ट खरी असायची, कारण त्यानं ती तीन कप कॉफी पिऊन ऐकलेली असायची. पैसेवाली माणसं ती ऐकताना टोपी काढून हातात घ्यायची. लग्न त्यानं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दिवसभर बोलतो, संध्याकाळी बायकोशी काय बोलू?"

गावापासून नऊ मैलांवर लुमीर हावरानेक आणि त्यांची बायको अल्बिना यांचं शेत होतं. लुमीरना तरुणपणापासून फिट्स यायच्या, म्हणून त्यांना गाडी चालवायचा परवाना कधी मिळाला नाही. सगळं चालवणं अल्बिनाकडे. त्यांच्याकडे १९५० सालचा हिरवा स्टुडबेकर पिकअप होता, लग्नाच्या वर्षी जुनाच घेतलेला. सायीचे कॅन आणि अंडी घेऊन गावात येणं, शनिवारी हॉलमध्ये नाचायला, रविवारी चर्चला, मयताला, दवाखान्यात, सगळीकडे तोच. अल्बिना अंगानं चांगली भरलेली, दंड एखाद्या पुरुषासारखे. लुमीर म्हणजे कुंपणाचा खांब. ती चालवायची, ते तिच्या उजवीकडे टोपी मांडीवर घेऊन बसायचे. मूलबाळ नव्हतं. सत्तावन्न वर्षं तो ट्रक असाच आमच्यासमोरून गेला. आमच्या लेखी ते दोघं आणि तो ट्रक मिळून एकच काहीतरी होतं.

२००९ च्या फेब्रुवारीत अल्बिना गेली. जमीन इतकी गोठलेली की कबर खणायला यंत्र आणावं लागलं.

गाडी चालवणारं माणूस नाही म्हटल्यावर लुमीरना शेतावर राहता येईना. जमीन पुतण्यानं कसायला घेतली आणि लुमीर गावात, चर्चच्या मागे दोन खोल्यांत आले. पुतण्याला ट्रक नको होता. घर आवरायचं चाललं होतं त्या दिवसांत व्हर्जिल तिकडे गेला. पत्रा बघायचा म्हणून मी बरोबर होतो. लुमीरनी स्वतः कॉफी केली होती, ती पिववत नव्हती.

"यंदा मका कसा—" व्हर्जिलनं सुरुवात केली.

"तू मला गोल गोल फिरवू नकोस," लुमीर म्हणाले. "तुला ट्रक हवाय. पंधरा वर्षं हवाय."

"वीस."

"अल्बिना तुला ओळखून होती. म्हणायची, हा मेला माझे कोलाचे, माझे भट्टीतले गोड पाव, ट्रकसाठी खातो."

"कोलाचेसाठीही खायचो हो."

लुमीर हसले नाहीत, पण त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "तुला देतो. पण मी असेपर्यंत विकायचा नाही. तुझ्या आवारात राहू दे. रविवारी चर्चमधून येताना मी बसेन जरा त्यात."

"बसा की. चावी देऊन ठेवू का?"

"चावी मला काय करायची? मी माझ्या बाजूला बसणार."

दोघांनी हात मिळवला. ट्रक व्हर्जिलच्या नावावर झाला. अट कुठंच लिहिली नाही. आमच्याकडे त्याची गरज कुणाला वाटत नाही.

मग साडेतीन वर्षं लुमीर रविवारी येत राहिले. तपकिरी सूट, हातात काठी. ट्रक शेडच्या पुढच्या छपराखाली उभा असायचा. ते उजवं दार उघडून चढायचे, दार लावून घ्यायचे आणि अर्धा तास समोर बघत बसायचे. समोर हायवे आणि त्यापलीकडे धान्याचं कोठार, बाकी काही नाही. एकदा एक काम उरकायला मी रविवारी आलो होतो. शेजारून जाताना त्यांचे ओठ हलताना दिसले. ते आपल्या आईबापांच्या चेक भाषेत बोलत होते. मी पाय न वाजवता पुढे गेलो.

व्हर्जिलनं सुरुवातीला हे कुणाला सांगितलं नाही. मग एका गिऱ्हाइकानं विचारलं, त्या म्हाताऱ्याला तो ट्रक घ्यायचाय का? व्हर्जिलनं त्याला सांगितलं. त्या माणसाचे डोळे भरून आले आणि त्यानं तिथल्या तिथे एक डॉज घेतली. झालं. त्यानंतर व्हर्जिल ते सगळ्यांनाच सांगायला लागला. पुढे पुढे तर लांबच्या गिऱ्हाइकाला तो मुद्दाम रविवारी बोलवायचा. ऑफिसच्या खिडकीशी उभं करून हळू आवाजात म्हणायचा, "ते बघा. दर आठवड्याला. न चुकता."

मी एकदा बोललो त्याला. "हे बरं दिसत नाही, व्हर्जिल."

"मी खोटं सांगतोय का?"

"खोटं नाहीये. म्हणूनच म्हणतोय."

"अरे, सांगितल्यानं त्यांचं काय कमी होतंय? त्यांना पत्ताही नाही." आणि तो खरंच गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

२०१२ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या तुलसाहून रॉइस टॅनहिल आला. छपरं घालून देण्याचा मोठा धंदा, गोरापान, गलेलठ्ठ, मनानं मऊ. आला होता एक फोर्ड बघायला. रविवार होता. खिडकीशी उभा राहून त्यानं सगळी गोष्ट ऐकली, चष्मा काढून पुसला, आणि फोर्डचं नावही काढलं नाही. म्हणाला, "मला तो ट्रक हवाय."

"तो विकायचा नाही," व्हर्जिल म्हणाला.

टॅनहिल आठवड्यानं पुन्हा आला. उत्तर पुन्हा 'नाही'. मग ऑगस्टच्या शेवटी फोन आला. मी शेडमध्ये एक दार घासत होतो, मधलं दार उघडं होतं. व्हर्जिल म्हणत होता, "नाही हो, शब्द दिलाय... हो, सत्त्याऐंशीचे आहेत... हो, खरंय, थंडीत छपराखाली पत्रा खराब होतोय..." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग त्याचा आवाज बदलला. तिसऱ्या कपाचा आवाज तो, मी ओळखतो. मी घासणं थांबवलं.

पैशाची त्याला गरज नव्हती. त्या वर्षी धंदा बरा होता. मी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तो माणूस इतक्या मनापासून मागत होता रे. मी जन्मभर लोकांकडून 'हो' काढून घेतलं. कुणी माझ्याकडून काढायला बसलं तर काय करायचं, हे मला कुठं माहीत होतं?"

मंगळवारी ट्रक गेला. रविवारी लुमीर आले आणि छपराखालच्या मोकळ्या जागेसमोर उभे राहिले.

"रंगाला घेतलाय," व्हर्जिल लगबगीनं बाहेर येऊन म्हणाला. "गंज धरत होता. म्हटलं तुम्हाला आयता नीट करून दाखवू."

लुमीरनी माझ्याकडे बघितलं. रंगाचं काम माझं, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी मान हलवली. आजही कधी कधी आरशात दाढी करताना मला ती मान हलताना दिसते.

"किती दिवस लागतील?"

"दोनेक महिने."

नवव्या दिवशी व्हर्जिलनं कॅन्ससमधून त्याच सालचा, त्याच जातीचा स्टुडबेकर आणला. मूळ रंग निळा. आमच्याकडे लुमीरच्या ट्रकचे सत्तर-ऐंशी फोटो होते, विक्रीसाठी काढलेले. ते शेडच्या भिंतीवर चिकटवून आम्ही कामाला लागलो. हिरवा रंग जुळवायला मला अकरा दिवस लागले. मग चांगल्या पत्र्यावर मी हातोड्यानं पोचे पाडले, एकेक फोटो बघून. डाव्या दारावर अल्बिनाच्या कोपरानं रंग उडाला होता, तिथला रंग ओल्या वाळूनं घासून उडवला. मागच्या फाळक्याला तारेचा वेढा होता, तसाच दिला. काचेला कोपऱ्यात तडा होता, तोही पाडला. सीटवर जुनं तपकिरी रेक्झिन चढवलं, फाटलं होतं तिथं फाडलं. इतकं बारीक काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि कुठल्याच कामाची इतकी लाज वाटली नव्हती. लुमीर दर रविवारी विचारायला यायचे. व्हर्जिल मागच्या बाजूला निघून जायचा. "होत आलंय," हे मला सांगावं लागायचं.

नोव्हेंबरच्या मध्यावर ट्रक छपराखाली उभा केला. लुमीर आले तेव्हा बर्फाची भुरभुर चालू होती. त्यांनी ट्रकला एक फेरी मारली, पुढच्या मडगार्डवरच्या पोच्यावरून हात फिरवला.

"रंग दिलाच नाहीस की."

व्हर्जिलच्या हे लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही. पण त्याची जीभ तयार होती. "आतला गंज काढला फक्त. बाहेरचं तसंच ठेवलं. नवा रंग तुम्हाला आवडला नसता."

"बरं केलंस," लुमीर म्हणाले आणि उजव्या दारानं आत चढले.

आम्ही दोघं शेडच्या दारात उभे होतो. पाच मिनिटं झाली असतील. दार उघडलं.

"व्हर्जिल, इकडे ये."

व्हर्जिल गेला. मीही मागोमाग गेलो.

"हा कुणाचा ट्रक आहे?"

"लुमीर, तो तर तुमचाच—"

"मी सरळ बसलोय," लुमीर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "अल्बिनाच्या बाजूच्या स्प्रिंगा केव्हाच्याच बसल्या होत्या. त्या सीटवर बसलं की मी तिच्याकडे कलंडायचो. खड्डा आला की सगळाच तिच्या अंगावर. ती म्हणायची, 'सरक तिकडे लुमीर, मला गिअर टाकू दे.' ती गेल्यावरही इथं येऊन बसलो की मी तसाच कलंडायचो. इथं मी सरळ बसलोय."

व्हर्जिल त्या उजव्या बाजूला कधी बसलाच नव्हता. मीही नाही. आणि फोटोत माणूस कलंडत नाही.

व्हर्जिलनं टोपी काढली आणि खरं काय ते सांगितलं.

"कुणाला दिलास?"

"तुलसातला आहे. चांगला माणूस आहे, लुमीर. जपेल तो."

"त्याला आमचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"रविवारचं पण?"

"हो."

लुमीरनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. मग काठी टेकत खाली उतरले. व्हर्जिल म्हणाला, "थांबा, मी सोडतो घरी." ते म्हणाले, "चालेन मी." बर्फात त्यांची पावलं हायवेच्या कडेनं गावाकडे गेलेली आम्हाला कितीतरी वेळ दिसत होती. ते पुन्हा आवारात आले नाहीत.

व्हर्जिलनं टॅनहिलला फोन केला, ट्रक परत द्या म्हणाला, सांगाल ती किंमत देतो म्हणाला. टॅनहिल हसला. "आधी बघायला तर या, मग बोलू." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं आठ तास गाडी मारत तुलसाला गेलो. टॅनहिलच्या बायकोनं पेकन-दाण्यांचा गोड पदार्थ वाढला. मग तो आम्हाला गॅरेजमध्ये घेऊन गेला. फरशी इतकी स्वच्छ होती की बूट काढावेसे वाटले.

ट्रक मधोमध उभा होता. गडद हिरवा, आरशासारखा. एक पोचा नाही. मागच्या हौद्यात ओकच्या पॉलिश केलेल्या फळ्या. आत पांढऱ्या चामड्याची सीट, शिवण एकसारखी. कामात खोट काढायला जागा नव्हती, हे मला म्हणावंच लागेल. तीन महिने त्यानं तीन कारागीर लावले होते.

"जुनी सीट कुठं आहे?" व्हर्जिलनं विचारलं.

"ती? अहो, सडलेली होती ती. एका बाजूनं पार बसलेली, उंदरांचा वास. आल्या आल्याच काढून फेकली."

"कुठं फेकली?"

"कचऱ्यात." टॅनहिलला प्रश्न कळत नव्हता. "का? काही होतं का तिच्यात?"

"नाही."

ट्रकच्या पुढे एका स्टँडवर चौकट लावलेला फलक होता, प्रदर्शनात ठेवायला. वर 'अल्बिना आणि लुमीर' असं मोठ्या अक्षरात. खाली सगळी गोष्ट, व्हर्जिलच्याच शब्दांत, तो थांबायचा तिथं थांबून. शेवटी लिहिलं होतं की बायकोमागे थोड्याच दिवसांत लुमीरनीही याच ट्रकमध्ये बसल्या बसल्या प्राण सोडला.

"ते जिवंत आहेत," व्हर्जिल म्हणाला.

"माहितेय मला," टॅनहिल जरा ओशाळून म्हणाला. "पण असं लिहिलं की लोक थांबून पूर्ण वाचतात. तुम्हाला तर कळतं हे." मग त्यानं ट्रकच्या मडगार्डवर पंजा ठेवला. "त्या बाईंना आवडला असता ना असा?"

"आवडला असता," व्हर्जिल म्हणाला. परत विकत घ्यायचं त्यानं काढलंच नाही. आम्ही निघालो.

विचिटा मागे पडलं. मग व्हर्जिल म्हणाला, "सीट असती तर आणली असती. आपल्या त्या ट्रकमध्ये बसवली असती. बसले असते ते, नाही का रे?"

मी हीटर वाढवला.

दुसऱ्या दिवशी तो लुमीरच्या खोलीवर गेला. तिथं काय झालं ते त्यानं मला एकदाच सांगितलं. लुमीरनी त्याला बसवलं, कॉफी दिली. व्हर्जिलनं सगळं सांगितलं, सीटचं, फलकाचंसुद्धा. लुमीर म्हणाले, "फेकली ते बरं झालं. नाहीतर तिच्या जागी दुसरं कुणी बसलं असतं." मग म्हणाले, "व्हर्जिल, आता येत जाऊ नकोस. रागानं म्हणत नाही. पण तू समोर बसलास की मला वाटतं, तू हेही कुणाला तरी सांगायला ऐकतोयस."

लुमीर त्यानंतर दीड वर्षानं गेले, झोपेत. मयतानंतर हॉलमध्ये जेवण होतं, भाजलेलं बदक, डंपलिंग, आंबवलेला कोबी. सगळं गाव होतं. व्हर्जिल बाहेर गाडीशी उभा होता. मी ताट घेऊन गेलो. त्यानं ते बॉनेटवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

त्याचं बोलणं मात्र त्याआधीच आटलं होतं. गिऱ्हाईक यायचं, एखाद्या गाडीभोवती फिरायचं आणि विचारायचं, "हिची काय गोष्ट?" व्हर्जिल म्हणायचा, "गाडी आहे. चालते." लोक जरा वेळ थांबायचे आणि निघून जायचे. शेतांवर जाणं त्यानं सोडलं. बायका मला विचारायच्या, व्हर्जिल आजारी आहे का? मी म्हणायचो, गुडघे दुखतात त्याचे. पुढच्या सप्टेंबरात त्यानं ग्रँड आयलंडहून लिलाववाला बोलावला. त्रेचाळीस गाड्या एका दिवसात गेल्या. कॅन्ससचा ट्रक पुढे आला तेव्हा व्हर्जिलनं लिलाववाल्याला थांबवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "यावरचे पोचे खरे नाहीत. आम्ही हातोड्यानं पाडलेत." गर्दीत कुणीतरी हसलं, त्यांना ती गंमत वाटली. शेवटी आयोवाच्या एका माणसानं तो सुट्या भागांसाठी नेला.

आवाराच्या जागी आता खताच्या टाक्या आहेत. मी दोन गावं पलीकडे एका बॉडी शॉपमध्ये लागलो, गारांनी ठोकलेल्या नव्या गाड्या सरळ करतो. व्हर्जिल धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसतो. ट्रक काट्यावर येतो, तो आकडा वाचतो, चिठ्ठी फाडून खिडकीतून देतो. कापणीच्या दिवसांत रांग लागते. ड्रायव्हर काहीबाही बोलतात, तो मान हलवतो. लोक म्हणतात, म्हातारपणी व्हर्जिल शहाणा झाला. मला तसं वाटत नाही. शहाणपण आलेला माणूस असा दिसत नाही.

गेल्या जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा मी सूप घेऊन गेलो. स्वयंपाकघरात एकच खुर्ची होती, दुसरी मी पलंगाजवळून ओढून आणली. त्याला बरं वाटावं म्हणून मी बोलत राहिलो. शॉपवरच्या गमती, कुणी घर विकलं, कुणाचा मुलगा डेन्व्हरला गेला. त्यानं सूप अर्ध्यावर ठेवलं.

"रुडी," तो म्हणाला, "थोडा वेळ काही नको सांगूस."

मग आम्ही तसेच बसून राहिलो. बाहेर रस्ता साफ करणारी गाडी एकदा जाऊन आली. साडेचार वाजता अंधारायला लागलं, तेव्हा मी सुपाचं भांडं धुतलं, पालथं घातलं आणि घरी आलो.